विजेत्याची जागा कुठे? आयझॉल एफसी आणि दोन लीगचा गुंता

३० एप्रिल २०१७, शिलाँगचं जवाहरलाल नेहरू स्टेडियम. तेव्हाची देशाची सर्वोच्च फुटबॉल लीग, आय-लीग, तिचा शेवटचा दिवस. आयझॉल एफसीला विजेतेपदासाठी फक्त बरोबरी हवी होती आणि नवव्याच मिनिटाला शिलाँग लाजोंगच्या दिपांडाने गोल मारला. त्याच संध्याकाळी कोलकात्यात मोहन बागान चेन्नई सिटीशी खेळत होता. आयझॉल हरला आणि बागान जिंकला, तर दोघांचे गुण सारखे होऊन करंडक हातचा जाण्याची भीती. पूर्वार्ध गेला, तासभर गेला. ६७व्या मिनिटाला विल्यम लालनुनफेलाने चेंडू जाळ्यात धाडला. १-१. बागानने आपला सामना २-१ असा काढला, पण त्याचा उपयोग नव्हता. आयझॉल ३७, बागान ३६.

ईशान्य भारतातला क्लब पहिल्यांदाच देशाची लीग जिंकला होता. कोलकाता आणि गोवा यांनी जवळजवळ वाटून घेतलेली ही स्पर्धा मिझोरामसारख्या छोट्या राज्याच्या राजधानीतल्या संघाने जिंकली. तिथे मैदानसुद्धा डोंगराच्या कुशीत, कृत्रिम गवताचं. आधीच्याच आठवड्यात, २२ एप्रिलला, त्याच मैदानावर झोहमिंगलियाना राल्टेच्या हेडरवर त्यांनी बागानला १-० ने हरवलं होतं. विजेतेपद खरं तर तिथेच ठरत आलं होतं.

मिरवणुका संपल्या न संपल्या तोच क्लबपुढे प्रश्न आला: पुढच्या हंगामात आपण खेळायचं कुठल्या लीगमध्ये? कारण आय-लीगच्या शेजारी २०१४ पासून इंडियन सुपर लीग ही फ्रँचायझींची दुसरी लीगही उभी होती. गतविजेत्यांना स्वतःची लीग शोधावी लागते, हे फुटबॉलच्या जगात सहसा घडत नाही. ते आपल्याकडे कसं घडलं, त्याचं हे प्रकरण.

आठवा बाहेर, नववा आत

सुरुवात एक वर्ष आधीच्या गुणतक्त्यापासून करावी लागेल. २०१५-१६च्या आय-लीगमध्ये नऊ संघ होते. आयझॉल आठवा आला. नववा, म्हणजे शेवटचा, पुण्याचा डीएसके शिवाजियन्स. खाली कोण गेलं? आयझॉल.

कारण नियमातच होतं. शिवाजियन्सला थेट प्रवेश मिळाला होता. दुसऱ्या श्रेणीत घाम गाळून वर न येता, बोली लावून आणि पैसे भरून लीगमध्ये येण्याचा हा रस्ता अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने उद्योगसमूहांसाठी उघडला होता. अशा संघांना सुरुवातीचे काही हंगाम खाली न ढकलण्याची हमी असे. आयझॉल मात्र २०१५ साली दुसरी श्रेणी जिंकून वर आलेला, त्यामुळे त्याला हमीबिमी काही नाही. जो पायऱ्या चढून आला तो घसरला आणि लिफ्टने आलेला वरच राहिला.

याच आयझॉलने त्या मोसमात फेडरेशन कप या देशातल्या क्लबांच्या चषक स्पर्धेची अंतिम फेरी गाठली होती. बागानकडून ५-० असा सपाटून मार खाल्ला, ते वेगळं. पण अंतिम फेरीतला संघ आणि पदावनत झालेला संघ एकच, अशी मजा त्या वर्षी झाली.

मग आयझॉल परत कसा आला? गुणतक्त्यामुळे नाही, इतरांच्या रागामुळे. मे २०१६ मध्ये महासंघाने क्लबांपुढे नवा आराखडा ठेवला: इंडियन सुपर लीग ही सर्वोच्च लीग, तिच्याखाली आय-लीगचा नवा अवतार, आणि वरच्या लीगमधून कुणी खाली येणार नाही. गोव्याचे साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब हे ऐकून लीगमधूनच बाहेर पडले, पुढे धेंपोही गेला. लीग पाच वेळा जिंकलेल्या धेंपोसारख्या क्लबाने बाजूला होणं ही साधी गोष्ट नव्हती. जागा रिकाम्या झाल्या आणि त्यातली एक आयझॉलला मिळाली.

मुंबईहून आलेली माणसं

हंगामाच्या तोंडावर आयझॉलने प्रशिक्षक आणला तो मुंबईतून. खालिद जमील खेळाडू म्हणून महिंद्रा युनायटेड आणि एअर इंडियाकडून खेळलेले, आणि २००९ पासून सात वर्षं मुंबई एफसीचे प्रशिक्षक. त्या सात वर्षांत मुंबई एफसी कधी जिंकण्याच्या जवळ गेला नाही, पण कधी खालीही गेला नाही. तुटपुंज्या साधनांत कसाबसा तग धरणारा संघ म्हणूनच त्याची ओळख होती, आणि ती कला जमील यांची होती. त्यांच्यापाठोपाठ जयेश राणे आणि आशुतोष मेहता हे मुंबई एफसीत खेळून गेलेले खेळाडूही आयझॉलच्या संघात दिसले. मधल्या फळीत सीरियाचा महमूद अल अमना, त्याच्या मागे लायबेरियाचा आल्फ्रेड जार्यान, बाकी बरीचशी मिझो पोरं.

त्याच २०१६-१७च्या हंगामात तळाला कोण होतं? मुंबई एफसी. त्यांच्या डोक्यावर नवव्या क्रमांकावर मिनर्व्हा पंजाब, म्हणजे पुन्हा एक थेट प्रवेशवाला. या वेळी हमीची गरज पडली नाही. शेवटचा नंबर मुंबईचाच होता आणि मुंबई खाली गेली. खाली गेली म्हणजे दुसऱ्या श्रेणीत खेळली असंही नाही. कूपरेजवर आय-लीगचे सामने खेळणारा तो संघ त्यानंतर राष्ट्रीय स्पर्धांत दिसलाच नाही. ज्याला हमी देऊन वाचवलं होतं तो डीएसके शिवाजियन्सही त्याच उन्हाळ्यानंतर लीगमधून गेला.

महाराष्ट्राच्या वाचकाला यात नवल वाटणार नाही. २००५-०६ साली राष्ट्रीय लीग जिंकणारा महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये बंद झाला. एअर इंडियाला २०१३ मध्ये परवान्याच्या निकषांवर बाहेर काढलं. पुणे एफसी आणि भारत एफसी २०१५ मध्ये संपले, त्यातला भारत एफसी तर एकच हंगाम खेळून. सुपर लीगचा एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये गुंडाळला गेला आणि त्याची जागा हैदराबादला गेली. ‘जागा गेली’ हे शब्द इथे अगदी शब्दशः घ्यायचे. फ्रँचायझीच्या व्यवस्थेत लीगमधली जागा ही वस्तू असते. ती विकता येते, हलवता येते.

करार: २०१०

या गुंत्याचं मूळ २०१७ मध्ये नाही, ९ डिसेंबर २०१० ला आहे.

त्याआधीचा इतिहास थोडक्यात असा. १९९६ मध्ये महासंघाने नॅशनल फुटबॉल लीग सुरू केली. पहिला विजेता फगवाड्याचा जेसीटी. तोवर देशाचं फुटबॉल म्हणजे संतोष ट्रॉफी, ड्युरंड, रोव्हर्स आणि कोलकात्या-गोव्याच्या स्थानिक लीग. अकरा हंगामांनंतर, २००७ मध्ये, तिचीच आय-लीग झाली: दहा क्लब, ‘व्यावसायिक’ हा शब्द आणि आशियाई महासंघाचे परवान्याचे निकष. नावं बदलली तरी एक गोष्ट तशीच राहिली. लीग महासंघाची होती, पण पैसा महासंघाकडे नव्हता. झी स्पोर्ट्सबरोबर २००६ मध्ये दहा वर्षांसाठी केलेला प्रक्षेपण करार चार वर्षांत मोडला. सामने टीव्हीवर नाहीत, म्हणून प्रायोजक नाहीत. प्रायोजक नाहीत, म्हणून क्लब मालकाच्या खिशावर जगणार आणि मालकाचं मन उडालं की मरणार. जेसीटीचंही २०११ मध्ये तेच झालं.

अशा वेळी आयएमजी-रिलायन्स ही क्रीडा व्यवसायातली कंपनी १५ वर्षांसाठी ७०० कोटी रुपये घेऊन आली. वर्षाला सरासरी ४६-४७ कोटी. रिकाम्या तिजोरीवर बसलेल्या संस्थेला हा आकडा नाकारणं अवघडच होतं, आणि त्या टेबलावर बसलेल्या कुणीही तो घेतला असता असं मला वाटतं. पण बदल्यात महासंघाने दिलं ते सगळंच: राष्ट्रीय संघाचे व्यावसायिक हक्क, स्पर्धांचे हक्क आणि नवी लीग काढण्याचा अधिकार. नव्या लीगला देशातली सर्वात वरिष्ठ लीग मानण्याची तरतूदही त्या करारात असल्याचं २०१९ मध्ये जाहीर चर्चेत आलं.

म्हणजे सर्वोच्च लीग कुठली, याचं उत्तर लीग जन्माला येण्याच्या चार वर्षं आधी कागदावर लिहिलेलं होतं.

सुपर लीग १२ ऑक्टोबर २०१४ ला कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर सुरू झाली. आठ फ्रँचायझी, देल पियेरो, पिरेस, त्रेझेगे, ल्युंगबर्ग यांच्यासारखे कारकीर्द संपत आलेले पण नावाजलेले खेळाडू, झगमगाट, चित्रपटतारे. पहिली तीन वर्षं ती दोन-तीन महिन्यांची स्पर्धा होती. ऑक्टोबर ते डिसेंबर सुपर लीग, जानेवारीपासून आय-लीग, आणि बरेचसे भारतीय खेळाडू दोन्हीकडे. तेव्हा ती ‘लीग’ आहे की प्रदर्शनी स्पर्धा, यावर वाद घालायची गरज नव्हती. दोघींचा संसार वेगळ्या महिन्यांत चालला होता.

टीका करताना एक गोष्ट मात्र कबूल करायला हवी. लोक आले. कोची आणि गुवाहाटीची मैदानं भरली, घराघरात टीव्हीवर भारतीय क्लबांचे सामने लागू लागले. नॅशनल लीग आणि आय-लीग मिळून जे अठरा वर्षांत नीट जमलं नव्हतं ते पहिल्या हंगामात झालं. म्हणूनच हे प्रकरण खलनायक शोधून सुटत नाही.

मे-जून २०१७: तीन वाटा

आता आयझॉलचा करंडक आणि २०१०चा करार समोरासमोर आले. सुपर लीगला २०१७-१८ पासून पाच महिन्यांची, दहा संघांची पूर्ण लीग व्हायचं होतं. तसं झालं की दोन्ही लीग एकाच वेळी चालणार, आणि खेळाडूला कुठली तरी एकच निवडावी लागणार. महासंघापुढे तीन वाटा होत्या.

पहिली, कराराप्रमाणे चालणं: सुपर लीग वर, आय-लीग खाली. मग देशाचा विजेता आयझॉल एका सहीने दुसऱ्या श्रेणीत. मैदानावर जिंकून. क्लबचे मालक रॉबर्ट रोमाविया रॉयते यांनी आमरण उपोषणाचा इशारा दिला, आशियाई महासंघाचं दार ठोठावलं. त्यांच्या बाजूने भावनेखेरीज एक भक्कम गोष्ट होती: देशांतर्गत लीगमध्ये खेळण्याचा हक्क मुख्यतः मैदानावरच्या कामगिरीवर ठरावा, असं फिफाच्या नियमावलीतच लिहिलेलं आहे. बंद दाराची सर्वोच्च लीग त्यात बसवणं कठीण होतं.

दुसरी वाट, विलीनीकरण. वीसेक क्लब, एकच लीग. ऐकायला सर्वात सोपी आणि सर्वांना मान्य होईल अशी. अडचण पैशाची. फ्रँचायझी वर्षाला पंधरा कोटींच्या आसपास शुल्क भरत होत्या. त्यांनी ते भरलं तेव्हा गृहीत धरलं होतं की शहर आपलं आणि जागा कायमची. आयझॉलचा सगळा संघ ज्या पैशात उभा राहिला, तो या नुसत्या प्रवेशशुल्काच्या जवळपासही जात नव्हता. त्याला फुकट घ्यावं तर भरणारे विचारणार, आम्ही का भरायचं? मे महिन्यात नव्या फ्रँचायझींसाठी बोली मागवल्या गेल्या. जूनमध्ये दोन जागा गेल्या: एक बेंगळुरू एफसीला, दुसरी टाटा स्टीलच्या जमशेदपूरला. बेंगळुरूने तोवर आय-लीग दोनदा जिंकली होती, पण तिला सुपर लीगचं दार उघडलं ते तिच्या मालकांच्या, जिंदाल समूहाच्या, बोलीने. मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांना तेव्हा यायचं होतं, नव्हतंही. शुल्क परवडत नव्हतं आणि कोलकात्यात सुपर लीगची फ्रँचायझी म्हणून एटीके आधीच बसलेला.

तिसरी वाट म्हणजे दोन्ही लीग समांतर चालवणं, आणि शेवटी तीच निवडली गेली. जूनमध्ये क्वालालंपूरला बैठक झाली आणि आशियाई महासंघाने तात्पुरती मान्यता दिली. आशियाई चॅम्पियन्स लीगच्या पात्रतेची जागा आय-लीगच्या विजेत्याकडेच राहिली. सुपर लीगच्या विजेत्याला आशियातल्याच खालच्या दर्जाच्या एएफसी कपची जागा, जी आधी फेडरेशन कप जिंकणाऱ्याला मिळत असे. फेडरेशन कप बंद पडला. १९७७ पासूनची ती स्पर्धा या तडजोडीत गेली आणि तिच्यासाठी फारसं कुणी रडलंही नाही.

आयझॉलचा सन्मान वाचला, पण किंमत कुणी मोजली? जाहिरातदार आणि प्रक्षेपक दोघीत निवड करताना आय-लीगकडे वळणार नव्हते हे उघड होतं. चांगले खेळाडू जास्त पगाराकडे गेले. जमील ईस्ट बंगालला गेले, आयझॉलचा विजेता संघ काही महिन्यांत पांगला. जानेवारी २०१८ मध्ये क्लब इराणमध्ये झोब आहानविरुद्ध चॅम्पियन्स लीगचा पात्रता सामना खेळला आणि ३-१ असा हरला. एक गोल मात्र करून आला.

पुढे काय झालं

घोंगडं दोन वर्षं भिजत राहिलं. २०१७-१८ची आय-लीग मिनर्व्हा पंजाबने जिंकली, म्हणजे आदल्या वर्षीच्या नवव्याने. त्या हंगामात शेवटचा आलेला इंडियन ॲरोज हा महासंघाचाच तरुण खेळाडूंचा संघ होता आणि त्यालाही अभय होतं. तेव्हा पुन्हा एकदा शेवटून दुसऱ्यावर, चर्चिल ब्रदर्सवर, कुऱ्हाड पडली आणि नंतर ती मागे घ्यावी लागली.

२०१९ मध्ये आय-लीगच्या काही क्लबांनी कोर्टात जाण्याची भाषा सुरू केली, तेव्हा आशियाई महासंघाने पुन्हा हात घातला. ऑक्टोबरमध्ये आराखडा ठरला. सुपर लीग २०१९-२०पासून अधिकृत सर्वोच्च लीग. आय-लीग दुसरी. २०२२-२३पासून आय-लीगचा विजेता परवान्याचे निकष पुरे करत असेल तर शुल्क न भरता वर. आणि २०२४-२५पासून बढतीबरोबर पदावनतीही.

माझ्या मते हा आराखडा २०१४ मध्ये, सुपर लीगच्या पहिल्या सामन्याआधी जाहीर व्हायला हवा होता. दहा वर्षं जागा सुरक्षित, मग दार उघडं, असं गुंतवणूकदाराला पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर त्याने बोली त्या हिशेबाने लावली असती. जपानने जे-लीग १९९३ मध्ये निवडक दहा क्लबांनीच सुरू केली होती, पण १९९९ मध्ये तिला दुसरी श्रेणी जोडली आणि खाली-वर सुरू केलं. बंद दाराने सुरुवात करण्यात गैर काही नाही. ते कधी उघडायचं हे न ठरवता कुलूप लावलं, की किल्लीसाठी भांडणं ठरलेली.

मोहन बागान २०२० मध्ये एटीकेशी हात मिळवून वर गेला, ईस्ट बंगालही त्याच वर्षी नवा गुंतवणूकदार घेऊन. दोघंही गुणतक्त्यातून गेले नाहीत. आय-लीग जिंकून, केवळ त्या जोरावर वर जाणारा पहिला क्लब २०२३ चा पंजाब एफसी. हा तोच मिनर्व्हा, नव्या मालकाचा आणि नव्या नावाचा. २०१७ च्या गुणतक्त्यात पहिला होता आयझॉल, नववा होता मिनर्व्हा. सहा वर्षांनी दार उघडलं तेव्हा उंबरठ्यावर नववा उभा होता.

पुढच्या वर्षी मोहमेडन स्पोर्टिंग त्याच दाराने गेला आणि २०२४-२५च्या सुपर लीगमध्ये तळाला राहिला. ठरल्याप्रमाणे त्या हंगामापासून पदावनती लागू व्हायची होती. ती झाली नाही. मोहमेडन वरच राहिला. त्याच वर्षीच्या आय-लीगचं विजेतेपद चर्चिल की इंटर काशी, हे मैदानावर न ठरता जुलै २०२५ मध्ये लोझानच्या क्रीडा लवादात इंटर काशीच्या बाजूने ठरलं.

तोवर मोठी घडी जवळ आली होती. १५ वर्षांचा तो करार संपत होता आणि नव्या अटींवर एकमत होत नव्हतं. जुलैमध्येच सुपर लीगचा २०२५-२६चा हंगाम थांबवून ठेवल्याचं क्लबांना कळवण्यात आलं. काही क्लबांनी सराव बंद केला, पगार थांबले. सर्वोच्च न्यायालयाच्या देखरेखीखाली महासंघाने लीगचे व्यावसायिक हक्क निविदेला काढले. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात मुदत संपली तेव्हा एकही बोली आलेली नव्हती. ८ डिसेंबर २०२५ ला करार संपला त्या दिवशी शुल्क भरून जागा घेतलेल्या क्लबांच्या हातात पुढच्या सामन्याची तारीख नव्हती. आयझॉलने मे २०१७ मध्ये विचारलेला प्रश्न आता तेच विचारत होते: आम्ही खेळायचं कुठे?